चाचण्या झाल्या, मग आर्मस्ट्राँग सापडला का नाही?

प्रश्न : सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या रक्ताची, लघवीची वारंवार तपासणी व्हायची. तरी उत्तेजकं घेऊनही तो इतकी वर्षं सुटला कसा?

उत्तर : तपासणी चुकवणं हाच त्याच्या संघाचा पक्का उद्योग होता. तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ हे संप्रेरक आपली मूत्रपिंडंही तयार करतात, त्यामुळे बाहेरून टोचलेलं ओळखणं अवघड. ते ओळखणारी चाचणी 2000 साली आली, तेव्हा खेळाडू थोडा थोडा डोस थेट शिरेत घेऊ लागले. काही तासांत खुणा नाहीशा. शिवाय स्वतःचंच रक्त काढून साठवायचं आणि शर्यतीत परत चढवायचं. 1998च्या जागतिक स्पर्धेत तर तपासनीस दारात असताना डॉक्टरांनी रेनकोटाखाली सलाइन लपवून आत नेलं आणि आर्मस्ट्राँगचं रक्त पातळ केलं! 1999 मध्ये नमुन्यात स्टेरॉइड सापडलं, तर मागची तारीख घातलेली मलमाची चिठ्ठी पुढे आली.

अखेर त्याला पकडलं ते माणसांच्या साक्षींनी. अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेपुढे 11 माजी सहकारी बोलले आणि 2012 मध्ये त्याची ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. मला सर्वांत जास्त चीड येते ती त्याआधी खरं बोलणाऱ्यांना त्याने दिलेल्या त्रासाची.

म्हणून चाचण्या निरर्थक समजू नका. 2008 पासून सायकलिंगमध्ये ‘जैविक पासपोर्ट’ आहे : औषध शोधण्याऐवजी खेळाडूच्या रक्तातले वर्षानुवर्षांचे चढउतार त्यात तपासतात.