नोकरी केव्हा सोडावी? छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांचा पेशा

साडीच्या खोक्यावरचे चित्र पाहून गिऱ्हाईक दुकानात शिरते, हे परभणीच्या आम्हा कापडवाल्यांना रोज दिसते. पण असे चित्र काढणारा हा हुनर कोठे शिकतो, याची चौकशी आपण करीत नाही. या पेशातले मोठे नाव म्हणजे गौतम राजाध्यक्ष.

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत झाला. झेवियर्स कॉलेजात शिक्षण झाल्यावर १९७४ साली ते लिंटास या जाहिरात कंपनीच्या छायाचित्र विभागात लागले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले. जाहिरातीत फोटो कितीही देखणा असो, माल नीट दिसला नाही तर सारा खर्च पाण्यात. ही तालीम त्यांना पगार घेत घेत मिळाली.

१९८० च्या सुमारास त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे काढली. नियतकालिकांची मागणी येऊ लागली. येथे व्यापारी व कारागीर बंधूंनी थोडे थांबावे. राजाध्यक्षांनी चार फोटो गाजताच राजीनामा दिला नाही. नोकरी सोडली ती १९८७ साली, पस्तिशी ओलांडल्यावर. तोवर गिऱ्हाईक तयार झाले होते. आपल्याकडे मुलगा सहा महिने दुकानात बसला की वेगळा गाळा शोधू लागतो!

त्यांची खरी पुंजी म्हणजे प्रकाशाची जाण. ते दिवस फिल्मचे होते. रोल धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे. समोरून झगझगीत प्रकाश टाकला की जर पांढरी फटक पडते, काळे कापड मात्र सगळा उजेड गिळते. लता मंगेशकरांची पांढरी साडी सर्वांना ठाऊक आहे. पांढऱ्या कापडाचा पोत राखून शेजारचा चेहरा उजळ ठेवणे किती अवघड, हे कापडवाल्यालाच कळेल. लताबाईंची छायाचित्रे राजाध्यक्षांनी काढली, ती नरम प्रकाशात.

‘चंदेरी’ या मराठी सिनेनियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. ‘फेसेस’ हा त्यांचा छायाचित्रसंग्रह १९९७ साली निघाला. १३ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

आता माल मोबाईलवर दाखवून विकला जातो. मी दुकानात फ्लॅश मारून जांभळ्या साडीचा फोटो पाठविला. तो निळा दिसला आणि साडी परत आली. तेव्हापासून कापड दाराशी आणतो, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात धरतो, आणि मगच फोटो काढतो.