आमचे ग्रंथालय आणि धामणीचा शोध



ग्रंथालय म्हटले की मोठी इमारत डोळ्यांसमोर येते. आमचे ग्रंथालय म्हणजे गुरुजींच्या खुर्चीमागचे लोखंडी कपाट. पूर्वी त्याला कुलूप असायचे. आता दर शनिवारी ते उघडे असते. डॉ. रंगनाथन नावाचे मोठे ग्रंथपाल होऊन गेले. त्यांचा जन्म ऑगस्ट १८९२ चा. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांचा पहिला नियम. गुरुजी म्हणाले, "कुलपातले पुस्तक म्हणजे पेटीतले बियाणे. पेरले नाही तर उगवणार कसे?"

शनिवारी आम्ही हे खेळ खेळतो :

१) शब्दांची शर्यत – गुरुजी फळ्यावर शब्द लिहितात. तो शब्दकोशात आधी कोण काढतो ते बघायचे. त, थ, द, ध हा क्रम पाठ नसेल तर हरलाच!

२) अर्धी गोष्ट – एकाने अर्धी गोष्ट वाचून थांबायचे. पुढचे ज्याला कळायला हवे त्याने पुस्तक घरी न्यायचे. या खेळाने 'किशोर'चे जुने अंक पार खिळखिळे झालेत. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते.

३) प्रश्नपेटी – खडूच्या रिकाम्या खोक्यात प्रश्न टाकायचा. चिठ्ठी ज्याला येईल त्याने उत्तर पुस्तकातून शोधायचे.

एकदा मीच प्रश्न टाकला, 'धामण गाईचे दूध पिते का?' आणि चिठ्ठी मलाच आली!

त्याचे असे झाले. मागच्या वर्षी आमच्या कडब्याच्या गंजीत धामण निघाली. आमची गाय तेव्हा दूध कमी देत होती. आजी म्हणाली, "हीच मेली रात्री गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते." आबांनी काठी घेतली. मी पण दगड मारला. धामण मेली.

शोध असा केला. आधी अनुक्रमणिका बघितली. 'साप' हा धडा सापडला. मग दुसऱ्या पुस्तकात तेच आहे का ते पाहिले. एकाच पुस्तकावर थांबायचे नाही, असा गुरुजींचा नियम आहे. मिळालेली माहिती वहीत लिहिली, ती अशी :

साप दूध चोखू शकत नाही. त्याचे दात अणकुचीदार आणि आत वळलेले असतात. ते आचळाला लागले तर गाय उभी राहील काय? धामण बिनविषारी असते. ती उंदीर खाते, म्हणजे आपले धान्य वाचवते. आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पण ओळखता येत नसेल तर कोणत्याच सापाजवळ जायचे नाही. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता लगेच सरकारी दवाखान्यात जायचे. तिथे लस असते. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे धामण मारणे गुन्हा आहे.

हे वाचून मला लई वाईट वाटले. दोन दिवस मी कोणाला सांगितले नाही. मग वही घरी वाचून दाखवली. आबा गप्प ऐकत होते. आजी म्हणाली, "मग दूध कोण पीत होतं रे?" आबा हळूच म्हणाले, "वासराचं दावं ढिलं होतं त्या टायमाला."

या पावसाळ्यात परत एक धामण गंजीकडे गेली. आबांनी आम्हाला लांब उभे केले आणि ती जाईपर्यंत वाट पाहिली. काठी हातात होती, पण उचलली नाही. आजीला अजून पुरते पटलेले नाही. ती रात्री गोठ्याचे दार लावतेच.

म्हणून पालकांनो, शनिवारी मुलांबरोबर जरूर या. तुमच्या मनातला प्रश्न खोक्यात टाका. उत्तर आम्ही शोधू.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी