घरातून वाफ्यात

मे महिना संपत आला की इंग्लंडमधील बागांत ल्युपिनची फुले उमलू लागतात. ताठ दांड्यावर तळापासून शेंड्यापर्यंत लहान लहान फुले दाटीने बसलेली असतात. काही निळी, काही गुलाबी, तर काहींत दोन रंगांचा मिलाफ. फुलाचा आकार वाटाण्याच्या फुलासारखा दिसतो, कारण ल्युपिन हे वाटाणा, हरभरा व ताग यांच्याच कुळातील झाड आहे. बागेतील ल्युपिनची मूळ जात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील होय. डेव्हिड डग्लस या वनस्पतिसंग्राहकामुळे ती १८२६ साली ब्रिटनमध्ये आली.

ल्युपिनचे कवच मोठे कठीण असते. बी तसेच मातीत टाकले, तर आत पाणी शिरण्यास विलंब लागतो. म्हणून पेरण्यापूर्वी ते एक दिवस पाण्यात भिजत घालतात किंवा काचकागदावर हलकेच घासतात. हे बी विषारी असते. ते चुकूनही तोंडात घालू नये.

आपल्याकडे भाताची रोपे उपटून दुसरीकडे लावतात. भाताची मुळे तंतूंसारखी असतात. ती लवकर पुन्हा रुजतात. ल्युपिनला मात्र खोल जाणारे सोटमूळ असते. ते दुखावले तर रोपाची वाढ खुंटते. यासाठी माळी मार्चच्या सुमारास खोल कुंडीत एकेक बी पेरतो आणि कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीशी ठेवतो. दोनतीन आठवड्यांत अंकुर वर येतो. पुढे हाताच्या पंजासारखी पाने फुटतात आणि रोप टवटवीत दिसू लागते.

खरी परीक्षा येथूनच सुरू होते. खिडकीशी वाढलेल्या रोपाची पाने कोवळी असतात. वाऱ्याचा झोत त्याच्या देठाने कधी सोसलेला नसतो. त्यातच इंग्लंडमध्ये वसंत ऋतूतही एखाद्या रात्री दव गोठून बर्फ होते. रोप छान वाढले म्हणून उतावळेपणाने एकदम बाहेर लावले, तर अनेक आठवड्यांचे श्रम एका रात्रीत वाया जाण्याची भीती असते.

म्हणून जाणता माळी रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावतो. पहिल्या दिवशी कुंडी तासदोन तास आडोशाच्या सावलीत ठेवून तो ती परत आत नेतो. दुसऱ्या दिवशी थोडा अधिक वेळ, नंतर थोडे ऊन, थोडा वारा, असा क्रम तो आठदहा दिवस चालवतो. या अवधीत पानांवरील मेणासारखा थर जाड होतो व वाऱ्याने हलून हलून देठ बळकट बनतो. रात्री बर्फ पडण्याचे भय संपले की, मातीचा गोळा न फोडता रोप वाफ्यात लावतात. दोन रोपांत सुमारे अर्धा मीटर अंतर राखतात. कोवळ्या पानांवर गोगलगायी तुटून पडतात, तेव्हा रोज देखरेख करावी लागते. ल्युपिनच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जीवाणू राहतात; ते हवेतील नायट्रोजन झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. त्यामुळे साधारण जमिनीतही हे झाड चांगले वाढते.

एवढे करूनही पहिल्या वर्षी फुले थोडीच येतात, कधी येतही नाहीत. खरा बहर दुसऱ्या उन्हाळ्यात येतो. हा धीर जॉर्ज रसेल या माळ्याजवळ होता. १८५७ साली जन्मलेल्या रसेलने यॉर्क शहरात १९११ साली ल्युपिन सुधारण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्याने वयाची पन्नाशी ओलांडली होती. परागीभवनाचे काम भुंगे करीत. रसेल दरवर्षी उत्तम झाडांचे बी राखी आणि उणी झाडे उपटून टाकी. असे त्याने वीस वर्षांहून अधिक काळ केले. १९३७ साली त्याची फुले लोकांपुढे मांडली गेली, तेव्हा त्यांचे रंग पाहून पाहणारे थक्क झाले. आजही बागांतील कितीतरी ल्युपिन रसेलच्या नावानेच ओळखले जातात.

रोपाला ऊन, वारा व थंडी यांपासून कायमचे झाकून ठेवता येत नाही. आणि त्याला एकदम त्यांच्या स्वाधीनही करता येत नाही. त्या दोहोंमधील आठदहा दिवस जो शांतपणे सांभाळतो, त्याच्याच वाफ्यात पुढच्या वर्षी फुलांचे दांडे उभे राहतात.