हिरवळीवरचे तणनाशक आणि भोवतालची झाडे

घरापुढच्या हिरवळीसाठी वापरले जाणारे निवडक तणनाशक गवताला राखते आणि रुंद पानांच्या तणाला मारते. त्यातले सर्वांत परिचित औषध म्हणजे २,४-डी. दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ च्या सुमारास ते बाजारात आले. वनस्पतीच्या वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे काम ते बेसुमार करते. रोपाच्या वाढीचा मेळ तुटतो, देठ पिळवटतात, पाने आत वळतात आणि रोप हळूहळू मरते. गवताच्या अंगात हेच औषध फारसे पसरत नाही, म्हणून गवत तगते.

रत्नागिरीच्या घरांत हिरवळ एकटी कधीच नसते. कुंपणाला जास्वंद, परसात मिरची-वांगी, पलीकडे हापूसची कलमे आणि जवळच विहीर असते. ही सारी झाडे रुंद पानांची, म्हणजे औषधाच्या लेखी टाकळा आणि लाजाळूच्याच पंगतीतली. इथले बहुतेक नुकसान हिरवळीत होतच नाही, ते तिच्या कडेला होते. फवारा वाऱ्याने सरकतो आणि आठवड्याभरात मिरचीचे शेंडे वाकडे होतात. पाने चिंचोळी, सुरकुतलेली येऊ लागली की अनेकांना तो रोग वाटतो आणि झाडावर आणखी एक औषध मारले जाते.

दुसरी वाट पंपाची. आंब्यावर कीटकनाशक मारायचा पंपच हिरवळीसाठी आणला जातो, नुसत्या पाण्याने खंगाळून परत ठेवला जातो. २,४-डीचा अंश नळीत आणि वॉशरमध्ये चिकटून राहतो. पुढच्या फवारणीला तोच अंश कोवळ्या पालवीवर जातो. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवणे, त्यावर ठळक खूण करणे, हाच यावरचा भरवशाचा उपाय आहे.

औषध घेण्याआधी तण ओळखावे. टाकळा, एकदांडी, दुधी, आंबुशी, लाजाळू ही रुंद पानांची तणे. पावसाने भिजलेल्या मातीतून यांतली पुष्कळशी खुरप्याने मुळासकट निघतात, आणि लहान अंगणात तेच करणे शहाणपणाचे. लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याच्या गाठी जमिनीत एकमेकींना जोडलेल्या असतात. उपटला तर गाठी मागे राहून पुन्हा फुटतात, आणि २,४-डीने वरचा पालाच तेवढा करपतो. त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे वेगळे औषध आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून घाईने दुसरा हात मारू नये.

दुकानात नुसते ‘तणनाशक’ मागितले तर ग्लायफोसेट हातात पडू शकते. ते गवत आणि तण असा भेद करत नाही, सगळी हिरवळच पिवळी पडते. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ते कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच फवारावे, असे बंधन घातले होते. औषधाचे नाव लिहून न्यावे आणि डब्यावरचे घटकाचे नाव वाचावे. आपल्या गवताची जात कोणती, तिच्यावर ते चालते का, हे दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठातल्या किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या जाणकाराला विचारावे. रुंद पात्याच्या गवताला काही औषधे सोसत नाहीत. त्यामुळे आधी एका कोपऱ्यात फवारून दोन आठवडे वाट पाहावी.

मात्रेत चूक सहज होते, कारण लेबले शेतासाठी लिहिलेली असतात. हेक्टरी १ लिटर मात्रा असेल तर एका गुंठ्याला, म्हणजे १,०८९ चौरस फुटांना, जेमतेम १० मिलिलिटर येते. एकरी ३६ ग्रॅम असेल तर गुंठ्याला १ ग्रॅमही भरत नाही. झाकणाने किंवा चमच्याने हे मोजता येत नाही, मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज आणि बारीक वजनकाटा लागतो. ‘थोडे जास्त’ घातल्याने तण लवकर मरत नाही, गवत मात्र करपते.

वेळ निवडताना कोकणचा पाऊस आणि वारा दोन्ही पाहावेत. फवारल्यावर काही तास पाऊस नको, तेव्हा आषाढ-श्रावणात हे काम हाती घेऊच नये. पाऊस ओसरल्यावर, जमिनीत ओल असताना तण जोमात असते, तोच काळ बरा. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो. दव सुकल्यानंतरची शांत सकाळ साधावी. २,४-डीचा एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन पसरतो, म्हणून घराजवळ अमाइन प्रकार घ्यावा. नोझल जमिनीलगत धरावे, थेंब मोठे पडतील इतकाच दाब द्यावा. जांभ्याच्या कातळातून पाणी झटकन झिरपते, त्यामुळे विहिरीच्या आसपास औषध नकोच, तिथे खुरपेच चालवावे.

फवारणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, बूट, मुखपट्टी आणि चष्मा घालावा. अमाइन क्षार डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तिथेही संरक्षक साधनांचा अभाव हे एक कारण होते. अंगणातल्या कामाला ही साधने लागत नाहीत, असे कुणी मानू नये.

फवारणीच्या आधी आणि नंतर दोन-तीन दिवस गवत कापू नये. त्यानंतरचे कापलेले गवत गुरांना घालू नये, झाडांच्या बुडात आच्छादन म्हणूनही टाकू नये. मुले आणि कुत्री-मांजरे जमीन सुकेपर्यंत, आणि लेबलवर सांगितले असेल तितका काळ, दूर ठेवावीत. पंप धुतलेले पाणी पऱ्यात किंवा गटारात न ओतता फवारलेल्या जागेवरच पातळ करून संपवावे. रिकामा डबा भोक पाडून निकामी करावा, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही.