जुन्या लष्करी नकाशांतील ग्वाल्हेर
(एक अभ्यासपाठ)

आमच्या शहराच्या नावातच फौजेची आठवण आहे. इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला. राहुट्यांच्या जागी घरे उठली, घरांशेजारी वाडे व देवळे झाली, आणि छावणीचे 'लष्कर' हे नाव वस्तीसच कायमचे चिकटले. पुढे मुरार हीही छावणीच झाली. तेव्हा या भागाचे जे जुने नकाशे आज मिळतात, त्यांतील बरेचसे फौजेच्या कामासाठी केलेले असावेत यात नवल नाही.

अमुक तलाव कोठे होता, अमुक नाला पूर्वी कोणत्या बाजूने वाहत असे, असा प्रश्न आपल्या मंडळींत निघाला म्हणजे दोन वडीलधारी तीन उत्तरे देतात. ती सगळी प्रेमाने दिलेली असतात. पण त्यांचा निवाडा करण्यास साधन लागते. जुना नकाशा हे असे साधन होय. तो नुसता भिंतीवर टांगून भागत नाही. त्याचे संगणकावर उतरवून घेतलेले चित्र आजच्या भूमीवर नेमके बसवावे लागते. इंग्रजी जाणणारे यास 'जिओरेफरन्सिंग' म्हणतात. आम्ही 'नकाशा बसविणे' असे साधे नाव देतो. ते कसे करावे, त्यात चकवे कोणते आणि त्यातून काय हाती येते, हे आपल्या तरुण वाचकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोजणीचा पाया

हिंदुस्थानच्या शास्त्रशुद्ध मोजणीचा आरंभ १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासेस विल्यम लॅम्ब्टन याने केला. प्रथम सपाट जागी एक रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यावयाचे, आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत उत्तरेस सरकावयाचे, अशी ही रीत होती. हे काम चालू असतानाच १८२३ साली लॅम्ब्टनला मृत्यूने गाठले ते वर्ध्याजवळील हिंगणघाट येथे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

या माळेतील एक टेकडी आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सिरोंजजवळील, म्हणजे आजच्या विदिशा जिल्ह्यातील, कल्याणपूरची ही टेकडी देशाच्या मोजणीचे मूळस्थान ठरली. जुन्या सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशांतील अक्षांश-रेखांश तिच्यापासून धरलेले आहेत.

याच खात्याच्या नकाशांच्या क्रमांकांची रीतही समजून घेण्याजोगी आहे. चार अंश रुंद व चार अंश उंच अशा चौकोनास एक आकडा दिलेला असतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, त्यांस रोमन लिपीतील ए पासून पी पर्यंत अक्षरे. आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग, त्यांस १ ते १६ आकडे. अक्षरे व आकडे वरून खाली, एकेका स्तंभाने मोजावयाचे. ग्वाल्हेर २६ अंश १३ मिनिटे उत्तर व ७८ अंश ११ मिनिटे पूर्व येथे आहे. म्हणून ते ५४ जे/४ या पानावर येते. वाचकांनी पाटीवर चौकोन आखून हा ताळा जरूर करून पाहावा. कल्याणपूर ५४ एच मध्ये पडते. म्हणजे देशाच्या मोजणीचे मूळस्थान व आपले शहर ही एकाच मोठ्या चौकोनातील शेजारी आहेत.

अमेरिकन सैन्याच्या नकाशा-खात्याने इ. स. १९५० नंतर हिंदुस्थानचे जे नकाशे काढले, ते अडीच लाखांस एक या प्रमाणाचे आहेत. त्यांची क्रमांकपद्धती निराळी. तिच्याप्रमाणे ग्वाल्हेर एन जी ४४-५ या पानावर येते. ही मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांस खुली करून ठेवली आहे. नवशिक्याने हात बसविण्यास ती चांगली.

कागद संगणकात घेताना

पहिली गोष्ट म्हणजे नकाशा हाती येताच त्याच्या समासातील मजकूर वाचावा. मोजणी कोणत्या वर्षी झाली आणि छपाई कोणत्या वर्षी, हे दोन निरनिराळे आकडे असतात. छपाईचे वर्ष पाहून निष्कर्ष काढणारा फसतो. तिघऱ्याचे धरण इ. स. १९१६ च्या सुमारास झाले. त्याच्या आधी मोजलेला नकाशा नंतर पुन्हा छापला, तर तेथे तलाव दिसणार नाही. त्यावरून त्या साली तलाव नव्हता असे म्हणणे चूक ठरेल. तसेच किल्ला व मुरार ही ठिकाणे इंग्रजांनी १८८६ साली झाशीच्या बदल्यात शिंदे सरकारास परत केली. मुरारेस गोऱ्या पलटणींच्या बराकी दाखविणारा नकाशा कोणत्या काळातील, हे एवढ्यावरूनही अजमावता येते.

दुसरी गोष्ट कागदाची. एक इंचास एक मैल हे प्रमाण म्हणजे ६३,३६० स एक. कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे ६३ मीटर. स्कॅनरवर इंचास ४०० ठिपके या घनतेने चित्र घेतले, तर एक ठिपका सुमारे चार मीटर जमीन व्यापतो. याहून पुष्कळ दाट ठिपके घेऊन विशेष लाभ नाही, कारण छापलेली रेघच तेवढी जाड असते. मूळ चित्र टिफ या प्रकारात, न दाबता जपून ठेवावे, आणि काम त्याच्या नकलेवर करावे.

फौजेचे नकाशे पुष्कळदा तुकडे करून कापडावर चिकटविलेले असतात, म्हणजे घोड्यावर बसलेल्या अधिकाऱ्यास ते घडी घालून जवळ बाळगता यावेत. दोन तुकड्यांमध्ये कापडाची बारीक फट राहते. सबंध चित्र एकदम बसविले तर या फटींची जमीन फुकट वाढते. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा बसवावा. कागदही पावसाळ्यात फुगतो व उन्हाळ्यात आक्रसतो, आणि उभा-आडवा सारखा आक्रसत नाही.

खुणा निवडणे

नकाशा बसविण्यासाठी कागदावरील काही बिंदूंची जमिनीवरील खरी जागा संगणकास सांगावी लागते. क्यूजीआयएस नावाची संगणक-प्रणाली यासाठी विनामूल्य मिळते. पहिल्या खुणा म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या रेघा एकमेकींस छेदतात ते बिंदू. त्यानंतर ताळा पाहण्यासाठी जमिनीवरील खुणा घ्याव्यात.

या खुणा स्थिर असाव्यात. आपल्याकडे तेली का मंदिर, सास-बहूची देवळे, महंमद घौस यांची कबर आणि किल्ल्याचे दरवाजे या उत्तम खुणा होत. शतके लोटली तरी त्या जागच्या हललेल्या नाहीत. नदीचे वळण, तलावाचा काठ, झाडांची राई यांस खूण मानू नये. ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचा रूळमार्ग जुन्या नकाशांत दिसतो. ती गाडी २०२० साली थांबली व मार्गाचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. म्हणून आजचा रूळ तोच जुना रूळ असे गृहीत धरू नये.

सरळ फिरविणे, ताणणे व तिरपे करणे यांस किमान तीन खुणा लागतात. वाकवूनही बसवावयाचे असल्यास सहा, आणि त्याहून अधिक वाकवावयाचे असल्यास दहा. पण किमान खुणांवर थांबू नये. त्यांत चूक असली तरी संगणकास ती उमगत नाही. खुणा चारही कोपऱ्यांत पसराव्यात. दोन-तीन खुणा मुद्दाम बाजूस ठेवाव्यात आणि नकाशा बसल्यावर त्या कोठे पडतात ते पाहावे. संगणक चुकीचा जो सरासरी आकडा दाखवितो, तो लहान आला म्हणून हुरळून जाऊ नये. परीक्षार्थ्याने स्वतःच प्रश्न काढून स्वतःच सोडविल्यासारखा तो प्रकार आहे. बाजूस ठेवलेल्या खुणा हाच खरा परीक्षक.

दोन चकवे

जुन्या पानांवर अक्षांश-रेखांश स्पष्ट छापलेले असतात. तेच संगणकास सांगितले की झाले, असे नवशिक्यास वाटते. येथेच दोन चकवे आहेत.

पहिला चकवा रेखांशाचा. मद्रासच्या वेधशाळेचा रेखांश पूर्वी जो धरला होता, तो नंतरच्या सूक्ष्म निरीक्षणाने २ मिनिटे २७ सेकंदांनी अधिक ठरला. ही दुरुस्ती १९०५ च्या सुमारास नकाशांत करण्यात आली. त्यापूर्वीच्या पानांवर जुनाच रेखांश असतो. आपल्या अक्षांशावर एक सेकंद रेखांश म्हणजे सुमारे २७.७ मीटर, १४७ सेकंदांचे झाले चार किलोमीटरांहून थोडे अधिक. हे वजा केले नाही, तर सबंध शहर पूर्वेकडे सरकते आणि आपला किल्ला उठून मुरारजवळ जाऊन उभा राहतो! चूक एवढी मोठी असल्यामुळे ती निदान लगेच दिसते.

दुसरा चकवा लहान, म्हणून अधिक घातक. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. एव्हरेस्टने १८३० मध्ये तिचा जो आकार धरला, त्यात विषुववृत्ताकडील त्रिज्या आज धरण्यात येणाऱ्या त्रिज्येहून सुमारे ८६० मीटरांनी कमी आहे, आणि मोजणीचा आरंभ कल्याणपूरहून आहे. आजचे उपग्रह, व आपल्या खिशातील दूरध्वनी, पृथ्वीच्या मध्यापासून मोजणारी निराळी पद्धत वापरतात. त्यामुळे जुन्या नकाशाचे आकडे जसेच्या तसे घेतले तर ग्वाल्हेर येथे प्रत्येक वस्तू सुमारे १४० मीटर पूर्वेस पडते. कागदावर हे अंतर दोन मिलिमीटरांहून थोडेच अधिक. पण लष्करच्या दाट वस्तीत तेवढ्याने एका गल्लीतील देऊळ दुसऱ्या गल्लीत जाते. यावर उपाय सोपा आहे. खुणा देताना आकडे एव्हरेस्टच्या पद्धतीचे आहेत असे संगणकास आरंभीच सांगावे. पुढचे रूपांतर तो करतो.

१८५८ चे आराखडे

आता मराठी मनास जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व झाशीच्या राणीसाहेब यांच्या फौजेने ग्वाल्हेर घेतले. १६ जूनला सर ह्यू रोजने मुरार घेतली, १७ जूनला कोटा-की-सराय येथे लढाई झाली, १९ जूनला लष्कर पडले आणि २० जूनला किल्ला. राणीसाहेबांच्या मृत्यूची तारीख कोणी १७ देतात, कोणी १८. फुलबागेतील समाधीपुढे आपण सारे नतमस्तक होतो. पण रणभूमीचा विस्तार केवढा, टेकड्या कोठे, नाले कोठे, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी जमिनीवर पडताळून पाहिले असेल.

अशा लढायांचे आराखडे घाईत, होकायंत्र व अंदाज यांवर काढलेले असत. त्यांवर अक्षांश-रेखांश सहसा नसतात आणि उत्तर दिशा पुष्कळदा चुंबकाची असते. म्हणून असा आराखडा एकदम आजच्या भूमीवर बसवू नये. आधी मोजणी-खात्याचा इंचास मैलाचा नकाशा बसवावा, मग त्याच्या आधाराने आराखडा. मधल्या काळात शहर वाढण्यापूर्वीचे नाले, टेकड्या व वाटा त्या मधल्या नकाशात सापडतात, आणि तीच दोहोंना जोडणारी शिडी होते.

राणीसाहेबांचा घोडा नाल्याशी अडला अशी परंपरा आहे. स्वर्णरेखा आज काँक्रीटच्या भिंतींत जखडलेली आहे. तिचा जुना प्रवाह कोठून होता, काठ कोठे उंच व कोठे सखल होते, हे नकाशा पुष्कळसे सांगू शकेल. घोडा नेमका कोठे अडला हे तो सांगू शकणार नाही, आणि त्याच्याकडून ते वदवून घेण्याचा मोहही आपण आवरला पाहिजे. श्रद्धेला खोट्या पुराव्याची गरज नसते.

उपयोग आणि मर्यादा

जुन्या नकाशात तलाव, विहिरी, ओढे, उताराच्या वाटा बारकाईने दाखविलेल्या असतात, कारण फौजेस पाणी व वाट यांवाचून चालत नाही. नेमकी हीच माहिती आज शहरास हवी आहे. पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते व पूर्वी तेथे काय होते, हे दोन नकाशे एकावर एक ठेवताच कळून येईल. उलट ज्याचे सैनिकास प्रयोजन नव्हते, ते या नकाशांत नाही. कोणत्या आळीत कोणाचे घराणे राहत होते, कोणत्या वाड्यात गाण्याची बैठक होई, हे शोधावयाचे असल्यास घरातील मोडी कागद व वृद्धांच्या आठवणी यांकडेच जावे लागेल. तसेच इंचास मैलाच्या नकाशावरून घराच्या हद्दीचा तंटा कोणी सोडवू पाहील तर तो हास्यास्पद होईल; पेन्सिलीच्या एका रेघेखाली तेथे अख्खे अंगण झाकले जाते.

हे काम पूर्वी सरकारी परवानगीवाचून अवघड होते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी ते पुष्कळच मोकळे केले. तरीही संरक्षणाची आजची ठिकाणे आपल्या कामात दाखवू नयेत, हे सुज्ञास सांगणे नको. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ पासून आपले जुने नकाशे बसविण्याचे काम सामान्य स्वयंसेवकांकडे सोपविले, आणि घरबसल्या लोकांनी ते हौसेने केले. आपल्या समाजातही संगणक जाणणारी मुले-मुली आहेत आणि जुन्या जागा ओळखणारी वडीलधारी माणसेही आहेत. पहिल्यांना खुणा माहीत नाहीत, दुसऱ्यांना यंत्र माहीत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ दोघांनी एका टेबलाशी बसावे, आणि ५४ जे/४ या एका पानापासून आरंभ करावा.

घरात एखादा जुना नकाशा असल्यास तो पुन्हा घड्या घालून पेटीत ठेवू नये. सपाट ठेवावा, आणि चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. ज्या वडीलधाऱ्यांना जुनी विहीर कोठे होती ते ठाऊक आहे, त्यांना यंदाच विचारून घ्यावे. नकाशा आणखी दहा वर्षे थांबेल. माणूस थांबेलच असे नाही.