पोल्ट्री शेडसाठी जळण : किलोचा भाव आणि उष्णतेचा भाव

थंडी पडू लागली की पोल्ट्रीवाल्यांच्या बोलण्यात जळणाचा भाव हमखास निघतो. आपले अनेक बांधव आज करार पद्धतीने ब्रॉयलर वाढवितात. या पद्धतीत साधारणपणे पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची असतात. शेड, पाणी, वीज, मजुरी, खाली अंथरायचे तूस आणि ऊब देण्यासाठी लागणारे जळण शेतकऱ्याचे असते. म्हणजे जळणात वाया गेलेला प्रत्येक रुपया थेट आपल्या मेहनतान्यातून जातो. तरीही खाद्याचा हिशेब ग्रॅमवर ठेवणारी माणसे जळण मात्र ‘गाडी केवढ्याला?’ एवढेच विचारून घेतात, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ५ अंश कमी करीत ती सत्तर-पंचाहत्तरवर आणतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाहेरचा पारा पन्नासच्या आसपास उतरतो तेव्हा हा फरक भट्टीनेच भरून काढावा लागतो. पहिल्या आठवड्यात गारठलेले पिल्लू जगले तरी वजनात मागे राहते. खाल्लेले खाद्य ते अंगावर धरण्याऐवजी ऊब टिकविण्यातच खर्च करते.

आता मूळ मुद्दा. लाकूड बाभळीचे असो की आंब्याचे, पूर्ण कोरडे झाल्यावर एका किलोतून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते, ४,४०० किलोकॅलरीच्या आसपास. बाभूळ भरीव असल्याने तेवढ्याच जागेत जास्त मावते व निखारा जास्त वेळ टिकतो, हे खरे. पण किलोमागे मोठा फरक पडतो तो जातीमुळे नव्हे, पाण्यामुळे. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. हे पाणी जळत तर नाहीच, उलट प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात.

हिशेब करून पाहू. निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडात कोरडा भाग अर्धा किलो. त्याचे २,२०० मिळाले, त्यातून पाण्यापायी ३०० गेले. हाती राहिले १,९००. चांगल्या वाळलेल्या, २० टक्के ओलाव्याच्या एक किलोतून मिळतात ३,४००. समजा ओले लाकूड ४ रुपये किलो आणि वाळलेले ६ रुपये किलो आहे. (हे दर केवळ उदाहरणासाठी आहेत, वाचकांनी आपल्या गावचे दर घालावेत.) तर १०,००० किलोकॅलरीसाठी ओल्याचे २१ रुपये पडले आणि वाळलेल्याचे साडेसतरा. किलोमागे दोन रुपये स्वस्त म्हणून घेतलेला माल प्रत्यक्षात महाग पडला. शिवाय धूर, भट्टी पेटती ठेवण्यासाठी रात्रभराची धावपळ आणि धुराड्यात साचणारे डांबर वेगळेच.

यावर काहीजण म्हणतात, उन्हाळ्यात ओले घेऊन आपणच वाळवू. कल्पना चांगली, पण हिशेब इथेही करावा. हजार किलो ओले लाकूड २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळले की ६२५ किलोच उरते. म्हणजे वाळलेले ६ रुपयांनी मिळत असेल, तर ओले पावणेचार रुपयांच्या खाली मिळाल्याशिवाय हा उद्योग परवडत नाही. पैसा गुंतला आणि फोडणावळ लागली ती निराळीच. स्वतःच्या बांधावरची झाडे असतील तर मात्र जरूर करावे. मार्चपर्यंत तोडून, उभी फोडून, जमिनीपासून वर रचावे आणि पावसाळ्यापूर्वी वरून पत्रा टाकावा. बाजू उघड्याच ठेवाव्यात. ताडपत्रीने चहूबाजूंनी बांधलेली रास वाळत नाही, कुजते.

भावाच्या तक्त्यात पुढचे नाव भुशाच्या दाबलेल्या कांड्यांचे, म्हणजे ब्रिकेटचे. यात गोंद किंवा चिकटवणारे रसायन नसते. यंत्रातील दाबाने व उष्णतेने लाकडातलाच एक घटक मऊ होऊन भुसा धरून ठेवतो. कच्चा माल १० टक्क्यांच्या आसपास कोरडा नसेल तर आतल्या वाफेने कांडी फुटते, त्यामुळे कारखानदाराला माल वाळवावाच लागतो. ब्रिकेटला आपण जादा पैसे मोजतो ते खरे म्हणजे या खात्रीच्या कोरडेपणासाठी. लाकडाच्या भुशाच्या कांडीतून किलोला ३,९०० च्या आसपास उष्णता मिळते. दर ८ रुपये धरला तर १०,००० किलोकॅलरीला साडेवीस रुपये. वाळलेल्या लाकडापेक्षा थोडे महाग, ओल्यापेक्षा किंचित स्वस्त आणि पुष्कळ निवांत.

पण ब्रिकेट म्हणजे सगळे एकच असेही नाही. शेंगांची टरफले व लाकडाचा भुसा यांची कांडी उत्तम. भाताच्या तुसात मात्र उष्णता ३,००० च्या आसपास आणि राख जवळजवळ पाचवा हिस्सा. आमच्या एका परिचिताने स्वस्त म्हणून गाडीभर ब्रिकेट उतरवून घेतले. तिसऱ्या दिवशी भट्टीची जाळी राखेने गच्च, आणि रात्री दोन वाजता गडी सळई घेऊन राख उकरतोय. विक्रेत्याने ‘भुशाचा माल’ म्हणून दिला होता. तुसालाही भुसा म्हणता येतोच म्हणा! म्हणून गाडी उतरविण्यापूर्वी एक किलो कांडी पूर्ण जाळून राख तोलावी. चांगल्या लाकडी भुशाची राख थोडकीच निघते. दीड-दोनशे ग्रॅम निघाली तर आत तूस आहे किंवा माती आहे, हे समजावे. ब्रिकेट पाण्यात पडले की फुगून विरघळते, तेव्हा साठा फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवावा.

ओलावा तपासण्यासही यंत्र लागत नाही. निरनिराळ्या ओंडक्यांतून एक किलो बारीक ढलप्या काढाव्यात. भट्टीच्या उबेजवळ, पेट घेणार नाहीत अशा बेताने, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवाव्यात. जेवढे ग्रॅम घटले तेवढे पाणी. अडीचशेच्या वर घटले तर दर पाडून मागावा. वखारीतला सुटा भुसा घेतानाही हीच परीक्षा करावी. ओल्या ओंडक्यांचा भुसा वजनावर घेतला तर पाण्याचे पैसे जातात, आणि पोत्यावर घेतला तर पोते किती दाबून भरले याचा वाद होतो. प्लायवूडचे व रंगीत लाकडाचे तुकडे फुकट मिळाले तरी शेडमध्ये जाळू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो.

लोणारी कोळसा ७,००० किलोकॅलरी देतो, पण ३५ रुपये किलोने १०,००० ला ५० रुपये पडतात. तरी लोक तो घेतात, कारण धूर नाही. इथे थोडे थांबून सांगणे भाग आहे. धूर नाही म्हणजे विष नाही, असे नव्हे. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. पडदे घट्ट ओढलेल्या शेडमध्ये उघड्या शेगड्या ठेवल्या तर पिल्ले सुस्तावतात, मरतात. आणि त्याच शेडमध्ये गोणपाट अंथरून झोपलेला गडीही सकाळी न उठण्याची शक्यता असते. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे दिसताच माणसाने ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे. गड्याची झोपण्याची जागा शेडबाहेरच असावी. प्राणवायू कमी पडल्याने ब्रॉयलरच्या पोटात पाणी होण्याचा विकारही थंडीतच जास्त दिसतो. त्यामुळे जळण वाचविण्यासाठी पडद्याची वरची फट पूर्ण बंद करणे ही महागडी काटकसर आहे.

धुराड्याची भट्टी हा त्यावर उपाय, पण धुराड्यातून बरीच उष्णता बाहेर जाते हेही हिशेबात धरावे. निम्मी गेली असे मानले तर वाळलेल्या लाकडाचे साडेसतरा रुपये पस्तीस होतात. गॅसच्या ब्रूडरला शंभर रुपये किलो दराने १०,००० ला ९२ रुपये लागतात. मात्र त्याची उष्णता बहुतेक सगळी आत राहते आणि हवी तेव्हा कमी-जास्त करता येते. त्यामुळे अंतर वाटते तेवढे उरत नाही. लहान शेडवाल्याने पहिले तीन-चार दिवस गॅस व पुढे लाकूड असा मेळ घालून पाहण्यास हरकत नाही. हवेची वाट ठेवण्याचा नियम गॅसलाही लागू आहेच.

धुराड्याचा पत्र्याचा नळ शेडमधून थोडा लांब आडवा, बाहेरच्या बाजूला चढता नेला तर जाणारी उष्णता काही अंशी परत मिळते. सांधे मात्र मातीने लिंपून पक्के करावेत आणि दर बॅचला नळ झाडावा. भट्टी कितीही चांगली असली तरी शेवटी पाहायचे पिल्लांकडेच. ती भट्टीभोवती एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे; चोची उघडून कडेला पळत असतील तर जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असतील तर आणखी ओंडका टाकू नये. त्या रात्री किती किलो जळण लागले ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या बॅचला गाडीचा सौदा करताना तोच आकडा लागतो.