धंद्याचा कागद, घराचा आधार: अपघातानंतरची भरपाई कशी ठरते?



या आठवड्याचा विषय विक्री किंवा मार्केटिंग नाही. विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही. धंदा चालवणारा माणूसच अपघातात गेला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर घरच्यांना कायद्याने काय मिळतं? आणि ते कशावरून ठरतं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एक वहिनी आल्या. त्यांचे मिस्टर आठवडी बाजारात फरसाण विकायचे, पिशव्या आणि डबे माझ्याकडून न्यायचे. हायवेवर टेम्पोने उडवलं, जागीच गेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ह्यांची बिलं आहेत का तुमच्याकडे? वकील म्हणतात, कमाईचा पुरावा आणा."

माझ्याकडे काय होतं? कच्च्या चिठ्ठ्या. त्याही महिना संपला की मी फाडून टाकायचो. सहा वर्षं तो माणूस रोख पैसे देऊन माल नेत होता आणि ते दाखवणारा एक कागद मी देऊ शकलो नाही. लोकांना धंदा शिकवणारा मी, त्या दिवशी मान खाली गेली.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

आपल्या भागाने मोठे अपघात पाहिलेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. २८ जुलै २०१८ ला पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला.

अशा वेळी सरकार मदत जाहीर करतं. पण ती मदत म्हणजे कायद्याची भरपाई नव्हे. आणि फरसाणवाल्याचा अपघात बातमीत चार ओळींचा असतो, तिथे मदत कोण जाहीर करणार? भरपाई आपणच मागायची असते. रस्ता अपघातासाठी ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागतात. समोरच्या गाडीची चूक सिद्ध झाली, तर साधारणपणे त्या गाडीची विमा कंपनी पैसे भरते.

गणित समजून घ्या

सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी हिशोबाची पद्धत ठरवून दिली आहे. समजा, वय ३४. घरात बायको, दोन मुलं आणि आई, म्हणजे चार अवलंबून. महिन्याची कमाई २०,००० सिद्ध झाली.

१. वर्षाचे २,४०,०००.
२. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवा: ३,३६,०००.
३. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव भाग वजा: २,५२,०००.
४. या वयाचा गुणक १६: ४०,३२,०००.

आता कमाईचा पुरावाच नाही. न्यायालय अंदाजाने, बऱ्याचदा किमान वेतनाकडे बघून आकडा धरतं. समजा, १०,००० धरले. उत्तर येतं २०,१६,०००. माणूस तोच, कष्ट तेच, फरक वीस लाखांचा. पगारदाराच्या घरी पगारपत्रक असतं. आपल्या घरी काय असतं?

दुखापतीतही हेच. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलेले टक्के आणि कमाईचं नुकसान एकच नसतं. शिंप्याचा उजवा हात गेला तर त्याचा धंदाच गेला. पण हाताने काय काम करत होता आणि किती कमवत होता, हे दाखवावं लागतं.

घरच्यांनी काय करायचं?

- एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि समोरच्या गाडीच्या विम्याची प्रत मिळवा. जखमी असेल तर दवाखान्याचं प्रत्येक बिल जपा.
- कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तेरावं झालं की कामाला लागा. मुदत उलटली असेल तरी स्वतःच हार मानू नका, वकिलाला विचारा.
- दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून सोडू नका.
- गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची योजना आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवर होतो.
- वकिलाला पैसे नाहीत? तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.
- दवाखान्यातच "एवढे टक्के द्या, मी करून देतो" म्हणणारा भेटला तर कोऱ्या कागदावर सही नको. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलांनाही बंदी आहे.

आणि तुम्ही आज काय करायचं?

आयकर विवरणपत्र दरवर्षी भरा, कर शून्य असला तरी. न्यायालयं त्याला वजन देतात. माणूस गेल्यावर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडे मात्र संशयाने बघतात. रोजचा गल्ला बँकेत फिरवा. उद्यम नोंदणी करा. पक्की बिलं घ्या आणि द्या.

घाटात आपलीच गाडी आपल्याच चुकीने घसरली, तर दावा करायला समोर कोणी नसतं. म्हणून गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का, ते बघा. बँकेतून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा सुरक्षा विमाही मिळतो.

दुकानात पोरगा कामाला असेल तर त्याचाही विचार करा. काम करताना त्याला काही झालं, तर कामगार भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. त्याचा पगारही कागदावर आणा.

वहिनींचा दावा अजून चालू आहे. एका पत्र्याच्या डब्यात त्यांना बाजार कराच्या पावत्या सापडल्या, चार वर्षांच्या, प्रत्येक आठवड्याची एक. कमाई किती ते त्यावर नाही, पण माणूस रोज उभा राहून धंदा करत होता एवढं तरी दिसतं. मी माझ्या वहीतून त्यांना एक ओळही देऊ शकलो नाही. आता माझ्या दुकानात दहा रुपयांच्या पिशवीचंही बिल फाटतं. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

आज रात्री गल्ला मोजून झाला की घरच्यांना एवढं दाखवा: धंद्याचे कागद कुठे ठेवलेत.